मालगुजारणीचे ब्रेक

बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे.

आमच्या नालवाडीवरून सरकी काढायच्या जिनाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळी आहेत. कापसाने गच्च भरलेल्या बैलांच्या बंड्या त्यांच्या खालून जाऊ लागल्या की काटे प्रत्येक बंडीचा चिमूट चिमूट कापूस ओढून ठेवतात. दिवाळी होऊन थोडे दिवस गेले की ती काळी झाडं पांढरी दिसायला लागतात. काल यमी कवाडाशी उभी राहून म्हणाली, "माय, हे झाड बुढं झालं का वं?" मी हसले. म्हटलं, नाही, हंगाम आला.

हंगाम आला की आमच्याकडे दिवसाचे वास बदलतात. सकाळी दवाने भिजलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, वास, दुपारी सरकीचा, आणि संध्याकाळी चुलीत घातलेल्या मागच्या सालच्या पऱ्हाट्यांच्या धुराचा. वेचायला जाणाऱ्या बायांच्या बोटांना सुकलेल्या बोंडांची टोकं टोचतात. त्या घरी येऊन बोटांना तेल लावतात आणि त्याच बोटांनी भाकरी थापतात. जिनाचा भोंगा झाला की कुत्री त्याच्या सुरात सूर मिसळतात. हे सगळं दर वर्षी तसंच असतं. मी दर वर्षी ते नव्याने पाहते.

पण मला या दिवसांत आणखी एक वास येतो. तापलेल्या लोखंडाचा आणि करपलेल्या पट्ट्याचा. खरं तर तो फक्त एका हंगामात, एका सकाळी, पवनारच्या उतारावर आला होता. तरी बाभळी पांढऱ्या झाल्या की तो माझ्या नाकाशी येऊन उभा राहतो. त्याची आता भीती वाटत नाही. उलट बरं वाटतं. का बरं वाटतं, ते कोणाला तोंडाने सांगणं मला जमायचं नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. कागदाचं तसं नाही. कागद तोंडाकडे बघत बसत नाही.

आमचं घर सुताराचं. माझे सासरे, मामाजी, बंड्या करायचे. त्यांनी केलेली बंडी ओळखू यायची. चाक जड, दांड्या जाड, बाभळीचं लाकूड असं घट्ट बसवलेलं की बैल म्हातारे होत, बंडी होत नसे. अंगणात कायम लाकडाचा भुसा. यमीचे बाबा मात्र लाकडात रमले नाहीत. लहानपणापासून त्यांना लोखंडाचं वेड. मोटार चालवायला शिकले आणि एका मालगुजाराकडे, म्हणजे गावाच्या जमीनदाराकडे, ड्रायव्हर म्हणून राहिले. लग्न झालं तेव्हा ते तिकडे आणि मी इकडे. सणाला यायचे, दोन दिवस राहायचे, अंगाला पेट्रोलचा वास घेऊन परत जायचे. मला वाटायचं, नवरा म्हणजे हा एक वास आहे, जो उशीला दोन दिवस राहतो.

मग कायद्याने मालगुजारी गेली. मालगुजार नागपूरला राहायला गेले आणि जाताना त्यांची जुनी हिरवी मोटार यमीच्या बाबांना देऊन गेले. देऊन गेले म्हणजे, गुरांच्या कोठ्यात पडून होती, तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालायच्या, ते म्हणाले, घेऊन जा. दोन बैलांनी ओढत ती मोटार आमच्या दारात आणली, तेव्हा शेजारच्या सगुणाकाकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. काकूंच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं.

"आली बाप्पा मालगुजारीण!" त्या म्हणाल्या. "मालगुजारी गेली, पण मालगुजारणीचा तोरा पाहा. बैल लावून येऊन राह्यली!"

तेव्हापासून त्या मोटारीचं नाव मालगुजारीण.

तिचं इंजिन फुटलेलं होतं. यमीच्या बाबांनी नागपूरहून मिलिटरीच्या भंगारातला एक ट्रक आणला. ट्रक म्हणजे त्याचा सांगाडा, चाकांसकट. त्याचं इंजिन काढून त्यांनी मालगुजारणीला बसवलं. आषाढ-श्रावण सगळा त्यात गेला. पावसात तट्ट्याखाली बसून ते काम करायचे आणि मी लांबून चहा ठेवून यायचे. ट्रकचं बाकीचं लोखंड अंगणभर पसरलेलं. त्यातले दोन मोठे, जाड, परातीसारखे गोल डबे मी उचलून आणले आणि परसात पालथे घालून त्यांच्यावर पाण्याच्या घागरी ठेवायला लागले. घागरी हलायच्या नाहीत, बुडाला चिखल लागायचा नाही. मला ते फार सोयीचं झालं.

मामाजींनी मोटारीचा मागचा भाग कापून तिथे बाकं बसवली. बंडी करावी तशीच केली. बाभळीच्या जाड फळ्या, त्यांना लोखंडी पट्ट्या. यमीचे बाबा म्हणाले, "बाबा, थोडं हलकं करा न."

मामाजी म्हणाले, "हलकं कराले मी काय खेळणं करून राह्यलो? माणसं बसतीन तिच्यात."

नवं इंजिन सुरू झालं त्या दिवशी नालवाडीतली कुत्री पळून गेली. मालगुजारीण अशी धावायला लागली की वर्ध्यातल्या नव्या मोटारी मागे राहायच्या. हंगाम लागला आणि यमीचे बाबा वेचणीच्या बायांना घेऊन पवनारकडच्या शेतांवर जायला लागले. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. बाया म्हणायच्या, एवढ्या वेळात आम्ही पायी अर्ध्या रस्त्यालाही पोचत नव्हतो.

आणि रात्री ते घरी असायचे.

ही गोष्ट माझ्यासाठी केवढी होती ते मी कशी सांगू? दिवस मावळताना भाकरीचं पीठ मळायला घ्यावं आणि कोणासाठी किती घ्यायचं हे ठाऊक असावं. पण ते किती दिवस टिकेल याचा भरवसा नव्हता. नागपूरच्या एका लॉरीवाल्याने यमीच्या बाबांना निरोप धाडला होता, की संक्रांतीपर्यंत या, माझ्याकडे ड्रायव्हरची जागा आहे. नोकरी पक्की होती. मामाजींचं मन तिकडे होतं. ते म्हणाले होते, "हंगामभर पाह्य. मोटार नीट चालली तर ठेव. नाई तर इकून टाक अन् नागपूरले जा." यमीचे बाबा हो म्हणाले होते. मी चुलीपाशी होते. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी पदर चावत उभी राहिले असते.

आता उताराची गोष्ट.

पवनारला धाम नदीकडे उतरणारा रस्ता आहे. आमच्याकडे बंडीची एक रीत आहे. उतार आला की माणसांनी खाली उतरायचं. बैलांच्या मानेवर भार येतो, बंडी त्यांच्या अंगावर जाते, म्हणून. बाया, पोरं, म्हातारी, सगळी उतरतात. बंडी रिकामी उतरते. एक माणूस हातात दगड घेऊन मागून चालतो, काही झालंच तर चाकाखाली घालायला. मामाजींनी आयुष्यभर प्रत्येक नवी बंडी अशीच उतारावर नेऊन पाहिली होती. मालगुजारीणही त्यांनी तशीच पाहिली. उताराच्या माथ्यावर मोटार थांबवली, सगळ्यांना उतरवलं, दगड घेतला, आणि म्हणाले, "हां, चाल." रिकामी मोटार खाली गेली, यमीच्या बाबांनी ब्रेक दाबला, ती थांबली. मामाजींनी मान हलवली.

तेव्हापासून तोच रिवाज झाला. रोज सकाळी माथ्यावर बाया उतरायच्या, गप्पा करत उतार चालायच्या, खाली पुलाशी पुन्हा बसायच्या. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. यमीच्या बाबांनाही नाही. मोटारीचं कितीही वेड असलं तरी ते बंडीवाल्याच्या घरात वाढले होते. उतारावर माणसं बसून असणं हे त्यांच्या डोळ्यांना दिसलंच नसतं. रोज ब्रेक लागत होता. रोज मोटार थांबत होती. आणि रोज ती रिकामी होती.

एका सकाळी मी त्या मोटारीत होते. नदीपलीकडे माझ्या मावशीचं शेत. पहिली वेचणी होती, म्हणून सीतादही करायचं होतं. आमच्याकडे वेचणी सुरू करायच्या आधी पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवून पूजा करतात, ते सीतादही. माझी नणंद वच्छला बरोबर होती, सगुणाकाकू होत्या, आणि बाकं भरून बाया. दह्याचं मडकं काकूंच्या मांडीवर. मामाजी पुढे यमीच्या बाबांशेजारी. ते मोटारीत बसायचे नाहीत एरवी, पण मावशीच्या घरचं बोलावणं होतं.

माथा आला. मोटार थांबली. मामाजी उतरून, दगड हातात घेऊन, मागे येऊन उभे राहिले. आणि मी बाकाच्या अगदी कडेला होते. म्हणजे पहिल्यांदा मलाच उतरायचं होतं.

मोटारीची मागची पायरी उंच. लुगडं गुडघ्यापर्यंत उचलल्याशिवाय पाय खाली पोचायचा नाही. आणि समोर मामाजी. मी त्यांच्यासमोर कधी मान वर केली नव्हती. माझे कान तापले. मी नुसती बसून राहिले. पदर आणखी खाली ओढला आणि पायांकडे बघत राहिले.

"उतर न वहिनी," वच्छला कानाशी म्हणाली.

मी मान हलवली. नाही.

"काऊन?"

काकूंनी हे पाहिलं. त्यांना नेहमीच उतार चालायचा कंटाळा.

"सून बसली आहे तर आम्ही काऊन उतरा जी?" काकू मोठ्याने म्हणाल्या. "आमचे पाय काय फुकटचे आहेत? बसा वं बायांनो. मालगुजारणीले काय बैल हायेत मान मोडाले?"

बाया हसल्या. सगळ्या बसून राहिल्या. मामाजी गोंधळले. सुनेला बोलायचं त्यांनाही अवघड. त्यांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "चाल मग."

मोटार निघाली. पहिल्यांदा मजा वाटली. वारा पदरात शिरला, खाली धाम दिसली, तिच्या वाळूवर कोणी तरी धोतरं वाळत घातलेली. मग वेग वाढला. यमीच्या बाबांनी ब्रेक दाबला. मोटार थोडी आवरली आणि पुन्हा सुटली. त्यांनी पुन्हा दाबला. तेव्हा तो वास आला. तापलेलं लोखंड, करपलेला पट्टा. त्यांचा पाय पार खाली गेलेला होता आणि मोटार ऐकत नव्हती. पुढे पुलाच्या तोंडाशी कापसाच्या बंड्यांची रांग होती. एका बंडीवर कापसाच्या ढिगावर एक माणूस झोपलेला मला दिसला. आमची मोटार त्याच्याकडे निघाली होती आणि तो झोपला होता.

यमीच्या बाबांनी चाक वळवलं. मोटार रस्ता सोडून डावीकडच्या ज्वारीत शिरली. ताटं काडकाड मोडली, कणसं तोंडावर आपटली, आणि मऊ मातीत चाकं रुतून मोटार एकदाची थांबली. आम्ही सगळ्या पुढे एकमेकींवर जाऊन पडलो. दह्याचं मडकं काकूंच्या मांडीवरून उडून काकूंच्याच डोक्यावर रितं झालं.

मग दह्यातून काकूंचा आवाज आला, "झालं वं सीतादही."

हसू की रडू कळेना. कोणाला खरचटण्यापलीकडे काही लागलं नव्हतं. मामाजी रस्त्यावरून पळत येत होते, त्या वयात, धोतर सावरत, हातात तो दगड. ते आले. मोटार उभी होती, मातीत रुतलेली, हलण्याचा संभव नव्हता. तरी ते खाली वाकले, दगड चाकाखाली नीट बसवला, आणि मग त्याच चाकाला टेकून मातीत बसले. त्यांनी एकेका बाईकडे पाहिलं, मोजल्यासारखं, आणि शेवटी माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हा पाहिले.

वच्छलाने आपल्या तांब्यातलं पाणी चाकावर शिंपडलं. छन्न झालं. वाफ उठली. तापलेल्या तव्यावर भाकरीच्या आधी पाण्याचा शिंतोडा मारतो, अगदी तसं.

त्या दिवशी घरी कोणी जेवलं नाही नीट. मामाजी ओसरीवर बसून म्हणाले, "इक ते. नागपूरले जा. जीव तरी राह्यतीन लोकायचे." मी चुलीपाशी बसले आणि किती पीठ घ्यायचं ते मला कळेना. धुराने डोळ्यांत पाणी येतं ते एक बरं असतं. कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमीच्या बाबांनी मालगुजारणीचं मागचं चाक उघडलं. ब्रेकचा गोल डबा हातात घेऊन परसात आले. हात धुवायचे होते. डबा त्यांनी माझ्या घागरीपाशी ठेवला. तापून त्याचा रंग निळसर झालेला, मोराच्या पिसासारखा. मी पाणी घालायला तांब्या घेतला आणि थांबले. घागरीखालचा डबा आणि त्यांनी ठेवलेला डबा, दोन्ही एकाच घडणीचे होते. एक पोळपाटाएवढा, दुसरा परातीएवढा.

घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मला बोलता आलं.

"हे मोठं कशाचं होतं?" मी विचारलं.

"कोणतं?"

"घागरीखालचं."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पाणी त्यांच्या हातावरून ओघळून गेलं आणि मी रिता तांब्या धरून उभी.

"ट्रकचा ब्रेक आहे तो," ते हळूच म्हणाले. मग कपाळावर ओला हात मारून हसायला लागले. "अवं, इंजिन ट्रकचं घेतलं मी. अन् ब्रेक मालगुजाराचेच राहू दिले! मालगुजार, त्यायची बायको अन् एक कुत्रं, एवढंच तर बसे तिच्यात. तेही डुलत डुलत जायचे."

मग ते तिथेच उकिडवे बसले आणि मला सांगायला लागले. मला असं कोणी कधी काही समजावून सांगितलं नव्हतं. मोटार पळते तेव्हा तिच्या अंगात जोर साठतो. भार जास्त, तर जोर जास्त. आणि वेगाचं तर आणखी वेगळं. वेग दुप्पट झाला तर थांबवायचं काम दुप्पट होत नाही, चौपट होतं. मोठं इंजिन बसवलं म्हणजे दोन्ही वाढवलं. इंजिन स्वतःच जड, वर बाबांच्या फळ्या, वर बायका, आणि धावणं पहिल्यापेक्षा किती तरी जोरात. हा सगळा जोर थांबताना कुठे जातो? या डब्यात जातो, गरमी होऊन. चाकाबरोबर डबा फिरतो, आतून पट्टे त्याला घासतात. डबा लहान असला की लवकर तापतो, आणि एकदा तापला की पट्टे घासूनही धरत नाहीत.

"लहान तव्यावानी," मी म्हणाले.

"हां. लहान तवा लौकर लाल होते. मोठा जाड तवा आच पिऊन घेते." ते माझ्याकडे बघत राहिले. "अन् रोज रिकामीच उतरवत होतो आपण तिले. काल तू बसून नसती राह्यली तर मले कळलंच नसतं. कदी तरी घाईत, भरल्या मोटारीत, पुलावर कळलं असतं."

मी लाजेने उतरले नव्हते, एवढंच. ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग लाजत जाय."

मी घागरी उचलून जमिनीवर ठेवल्या आणि डबे धुऊन दिले.

मामाजींना समजावणं अवघड गेलं. ते ओसरीवर ऐकत होते, मी दाराआड. यमीच्या बाबांनी दोन्ही डबे त्यांच्यापुढे ठेवले. मामाजींनी आधी लहान उचलला, मग मोठा. दोन्हींच्या काठावरून अंगठा फिरवला, लाकडाची धार बघतात तसा. मग म्हणाले, "म्हंजे बैल मोठा आणला, अन् वेसण वासराची ठेवली."

"हो बाबा."

"अन् भार माह्या फळ्यायचा."

यमीचे बाबा काही बोलले नाहीत.

"बोल न. घाबरतो काऊन?"

"तुमच्या फळ्यायचाही," ते म्हणाले.

मामाजी उठले. मला वाटलं, आता संपलं. ते अंगणात गेले, मोटारीच्या बाकावरून हात फिरवला, आणि आत वळून म्हणाले, "वच्छे, माहा वाकस आण."

पुढचे कितीतरी दिवस आमच्या अंगणात दोन आवाज एकदम येत होते. एकीकडे लोखंडावर हातोडा, दुसरीकडे लाकूड तासणारा वाकस. ट्रकचे पुढचे-मागचे दोन्ही एक्सल, म्हणजे चाकांचे आस, मालगुजारणीला बसवायचे होते, त्यांच्या मोठ्या चाकांसकट, मोठ्या ब्रेकांसकट. जुन्या मोटारीच्या तर पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. मामाजींनी आपल्याच हाताने बसवलेल्या जाड फळ्या काढल्या, तासून पातळ केल्या, आणि जिथे फळी नको तिथे नुसत्या पट्ट्या ठेवल्या. बंडी करणाऱ्या माणसाला लाकूड बारीक करणं किती जड जातं ते मी रोज पाहत होते. प्रत्येक फळी तासून झाली की ते ती उचलून तिचा भार हाताने अंदाजत आणि मान हलवत. "अजून," असं स्वतःलाच म्हणत. संध्याकाळी मी झाडायला जायचे तेव्हा अंगणात भुशाचा आणि ढलप्यांचा ढीग पडलेला असायचा, बाभळीचा लालसर. तो सगळा भार आधी आमच्या मोटारीवर होता. मी त्यावर भाकऱ्या भाजल्या.

कापूस वेचला जात होता, बाभळी पांढऱ्या होत होत्या, संक्रांत जवळ येत होती. लॉरीवाल्याचा दुसरा निरोप आला. यमीच्या बाबांनी त्या माणसाला बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "उतार झाला की सांगतो."

तो माणूस म्हणाला, "कशाचा उतार? ताप आहे का घरात कोणाले?"

वच्छला आत तोंडाला पदर लावून हसत सुटली.

आणि मग ती सकाळ. धुकं होतं, नदीवर दाट, वर विरळ. मालगुजारीण माथ्यावर उभी राहिली. यमीच्या बाबांनी तिला आधी रिकामी उतरवून पाहिली होती, मग मातीची पोती भरून पाहिली होती. तरी बायांना ते म्हणाले, "ज्याले उतराचं त्यानं उतरा. जबरदस्ती नाई."

कोणी हललं नाही. ज्वारीचा तो मोडलेला पट्टा अजून दिसत होता. काकूंनी मांडीवरचं मडकं उचलून वच्छलाच्या मांडीवर दिलं. "या टायमाले तू धर," त्या म्हणाल्या. "दही माह्या डोक्याले मानवत नाई."

मी पुन्हा कडेलाच बसले होते. या वेळी ती जागा मी मागून घेतली होती. म्हणजे कोणाला म्हटलं नाही. सगळ्यांच्या आधी येऊन बसले.

मामाजी दगड घेऊन मागे उभे होते. धुक्यात त्यांचं मुंडासं तेवढं दिसत होतं. ते आमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी दगड रस्त्याच्या कडेला ठेवला. खाली नाही टाकला, ठेवला, पुन्हा लागला तर सापडावा असा. मोटारीपाशी आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, थोडं सरकजो."

मी सरकले. त्या उंच पायरीवर पाय देऊन मामाजी वर चढले आणि माझ्याशेजारी बसले.

"बाबा, तुम्ही?" यमीचे बाबा मागे वळून म्हणाले.

"मी बी वजनच आहो," मामाजी म्हणाले. "चाल."

मोटार निघाली. वारा आला. धाम दिसली. वेग वाढला. यमीच्या बाबांनी मुद्दाम वाढू दिला, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. मामाजींनी बाकाची फळी धरली होती, त्यांनीच बारीक केलेली. त्यांची बोटं पांढरी झाली होती. मग ब्रेक लागला. आम्ही सगळ्या पुढे झुकलो, एका लयीत, शेतातलं पीक वाऱ्याने वाकतं तशा, आणि पुन्हा सरळ झालो. मोटार थांबली होती. उताराच्या मधोमध. पूल अजून पुढे होता, लांब होता. एक बंडी तिच्या चालीने आमच्या बाजूने वर निघून गेली. बैलांनी आमच्याकडे पाहिलंही नाही.

इंजिन तेवढं बोलत होतं.

मामाजी उतरले. वच्छलाच्या हातातला तांब्या घेतला, चाकापाशी वाकले आणि ओंजळभर पाणी ब्रेकवर सोडलं. छन्न झालं नाही. पाणी लोखंडावरून ओघळलं, थोडी वाफ आली, कोमट, जनावराच्या श्वासासारखी. मामाजींनी त्यावर तळहात ठेवला. ठेवला तसाच राहू दिला.

"हात ठिवता येते," ते म्हणाले.

ते काही खरं सीतादही नव्हतं, वेचणी केव्हाच सुरू झाली होती. तरी मावशीने पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवला आणि त्यातला थोडा मालगुजारणीच्या चाकाशी. लॉरीवाल्याने दुसरा ड्रायव्हर पाहिला. संक्रांतीला मामाजींनी मला एक घडवंची करून दिली, घागरी ठेवायला. त्या काढलेल्या बाभळीच्या फळ्यांचीच. ती मात्र त्यांनी जशी पाहिजे तशी जड केली. दोघींनी धरल्याशिवाय हलत नाही.

आता मामाजी नाहीत. वच्छला सासरी आहे, तिला दोन मुलं आहेत. मालगुजारणीला हिरव्याचा निळा रंग लागला आहे. बाया आता उतारावर उतरत नाहीत, पण मोटार माथ्यावर क्षणभर थांबते अजून. यमीचे बाबा थांबवतात. कोणाला उतरायचं असेल तर, म्हणतात. काकू दर वेळी म्हणतात, "चाल बाप्पा, दही नाई आज."

दिवस कलला आहे. बाभळीतून ऊन येतं आहे आणि अडकलेला कापूस उजळला आहे. यमी घडवंचीला टेकून पाढे म्हणते आहे. मी पीठ काढून ठेवलं आहे. रस्त्यावरून मोटारी जातात, जिनाकडे लॉऱ्या जातात, त्यांचे आवाज मी ओळखत नाही. येणाऱ्या मोटारीकडे माझं लक्षच नसतं. मी कान देते तो कवाडापाशी ब्रेक लागण्याच्या आवाजाला. लांबलचक, सावकाश, थोडा घोगरा.

लागला. यमे, बाबाले पाणी दे.